छप्पर नसलेलं चर्च

लिस्बन, बुधवार रात्र

पाय ठणकताहेत, तरी आजचं आजच लिहून ठेवते. लेकीचं कॉलेज होतं, म्हणून दिवसभर एकटीच फिरले आणि ते बरंच झालं. सोबत कुणी असलं की बोलण्याच्या नादात निम्मं बघायचं राहून जातं.

सकाळी तेजु नदीकाठच्या मोठ्या चौकातून सुरुवात केली. इथे राजवाडा होता. भारताशी चालणाऱ्या व्यापाराचा कारभार बघणारी कचेरीही इथेच होती. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चं माणसांनी भरलेली असताना धरणीकंप झाला. जे लोक जीव वाचवायला नदीकडे धावले त्यांच्यावर समुद्राच्या लाटा आल्या आणि उरलेलं शहर कित्येक दिवस जळत राहिलं. चौकामागचे सरळ, काटकोनातले रस्ते त्यानंतरचे, पोंबाल या राजाच्या मंत्र्याच्या काळातले. त्या घरांच्या भिंतींच्या पोटात उभ्या, आडव्या, तिरप्या लाकडांचा पिंजरा आहे, भूकंपात घर हललं तरी कोसळू नये म्हणून. अशा पिंजऱ्याच्या नमुन्याभोवती सैनिकांना कवायत करायला लावून त्याची मजबुती तपासली, असं सांगतात.

एका गल्लीत पदपथाची दुरुस्ती चालली होती. कारागीर बुटक्या स्टुलावर बसलेला, डाव्या हातात चुनखडीचा पांढरा तुकडा, उजव्या हातात हातोडी. दोन ठोके, दगड फिरवायचा, आणखी एक ठोका, की तुकडा शेजारच्या दगडाला चिकटून बरोब्बर बसायचा. सगळ्या शहराचे पदपथ असे हाताने बसवलेले आहेत. मी बराच वेळ बघत उभी राहिले. त्याने मान वर करून एकदा हसून पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला.

मग रोसियो चौक आणि त्याच्या कोपऱ्यावरचं सांव दोमिंगुश चर्च. १९५९ साली ते आतून जळलं. १९९४ ला पुन्हा उघडलं तेव्हा छत नवं घातलं, पण खांब आणि भिंती होत्या तशाच ठेवल्या. एका खांबाला हात लावून पाहिला. उष्णतेने दगडाचे पापुद्रे निघालेत, कडा फुटल्यात, बोट घालता येईल एवढ्या खाचा पडल्यात. वर तांबूस केशरी छत आणि खाली हे भाजलेले खांब. पुढच्या बाकावर एक आजी जपमाळ ओढत बसल्या होत्या.

बाहेरच्या चौकात १५०६ मध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक आहे. दंगल याच चर्चमधून पेटली. आज जिथे नाट्यगृह आहे तिथे, रोसियोच्या काठावर, पुढे इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मद्रोही ठरवून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाची, कचेरी होती. तिचीच शाखा १५६० मध्ये गोव्यात आली आणि तिने गार्सिया द ओर्ता या ज्यू वंशाच्या वैद्याची हाडं मेल्यानंतर बारा वर्षांनी थडग्यातून उकरून जाळली. स्मारकापाशी उभं राहून मला त्या हाडांची आठवण झाली आणि पोटात कालवलं.

तिथून चढ चढून कार्मू. हे चर्च १३८९ सालचं. भूकंपात मधल्या भागाचं छप्पर पडलं. पुढे बांधकाम सुरू झालं, पण १८३४ मध्ये मठच बरखास्त झाले आणि काम अर्धवट राहिलं. मग ते तसंच ठेवायचं ठरलं. आता दगडी कमानी एकामागून एक आभाळात उभ्या आहेत आणि खाली संग्रहालय आहे.

आत पाऊल टाकलं आणि डोळे भरून आले. मी वसईची. किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीवर पोर्तुगीज अक्षरं कोरलेले थडग्यांचे दगड आहेत, त्यांवर बसून आम्ही चिंचा खाल्ल्यात. वरचं उघडं आभाळ तेच, भिंतीच्या सांध्यातून उगवलेलं गवत तेच. पोर्तुगीजांनी वसई १५३४ मध्ये घेतली, चिमाजीअप्पांनी ती १७३९ मध्ये जिंकली. इथल्या भूकंपाच्या अवघ्या सोळा वर्षं आधी! वसईच्या चर्चमधल्या घंटा भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात गेल्या. चर्चं मात्र ओस पडत गेली.

इथे दगडादगडापाशी पाटी आहे, कुणाचा, कुठून आणला ते लिहिलेलं. आमच्याकडचे दगड कुणाचे हे लहानपणी कुणी सांगितलं नाही, आणि आता त्यांवर पाय देऊन लग्नाआधीचे फोटो काढतात. याचं मला फार वाईट वाटतं.

कार्मूच्या बाहेरचा चौक छोटासा, सावलीचा. शेजारच्या छावणीत २५ एप्रिल १९७४ ला पंतप्रधान कायतानूने उठाव केलेल्या सैन्यापुढे शरणागती पत्करली आणि इथली हुकूमशाही संपली. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला खरा, पण पोर्तुगालने तो भारताचा म्हणून मान्य केला १९७४ च्या अखेरीस, या उठावानंतरच. तिथल्या बाकावर बसून मी डब्यातले घावन खाल्ले.

दुपारनंतर आल्फामाच्या गल्ल्या. अणकुचीदार दगडांनी मढवलेलं बिकुशचं घर पाहिलं. गोवा जिंकणाऱ्या आल्बुकेर्कच्या मुलाने ते १५२३ मध्ये बांधलं. सांता लुझिया चर्चच्या भिंतीवर निळ्या फरशांमध्ये भूकंपाआधीचा नदीकाठचा चौक रंगवलाय, त्यात सकाळी न दिसलेला राजवाडा दिसला. इथल्या किल्ल्यावर गर्दी फार, लवकर उतरले.

लेकीला फोन केला तर म्हणाली, "आई, एवढं चाललीस? उद्या ट्रामने फिर." उद्या बेलेंला वास्को द गामाचं थडगं बघायचंय. पण त्याआधी गावातल्या इतिहासाच्या सरांना कार्मूच्या पाट्यांचे फोटो पाठवते. आपल्या चर्चमधल्या दगडांवरचा मजकूर वाचून घेऊन शेजारी मराठीत पाट्या लावायला परवानगी कशी मिळते, तेही त्यांनाच विचारते.