आमची वाटचाल: आधी सुपरव्हिजनचे तास, मग नवी मुलं

न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीत आमचं ऑटिझम असलेल्या मुलांसाठी एबीए थेरपीचं, म्हणजे वर्तन-विश्लेषणावर आधारलेल्या उपचारांचं, छोटं केंद्र आहे. वेटिंग लिस्ट कायम असते, पण किती वाढायचं हे आम्ही तिच्यावरून ठरवत नाही. ठरवतो ते बीसीबीएकडे, म्हणजे उपचार आखून टेक्निशियनवर देखरेख करणाऱ्या प्रमाणित वर्तन-विश्लेषकाकडे, महिन्यात किती तास मोकळे आहेत त्यावरून. आधी मुलं घ्यायची, मग टेक्निशियन भरायचे आणि सुपरव्हिजन कसंबसं बसवायचं, अशी रीत या धंद्यात बरीच दिसते. आम्हाला ती पटत नाही.

मुलासोबत प्रत्यक्ष बसतो तो आरबीटी, म्हणजे रजिस्टर्ड बिहेविअर टेक्निशियन. वर्तन-विश्लेषणातली प्रमाणपत्रं देणाऱ्या कोलोरॅडोतल्या बीएसीबी बोर्डाने हे प्रमाणपत्र २०१४ मध्ये आणलं. १८ वर्षं पूर्ण, हायस्कूल पास, ४० तासांचं प्रशिक्षण, कौशल्यचाचणी आणि परीक्षा एवढं लागतं. प्रशिक्षण ५ दिवसांपेक्षा कमी काळात उरकता येत नाही आणि १८० दिवसांपलीकडे लांबवता येत नाही. कौशल्यचाचणी अर्जाआधीच्या ९० दिवसांतली हवी, त्यामुळे उमेदवार रेंगाळला की ती पुन्हा घ्यावी लागते. एवढं होऊनही आरबीटीला स्वतंत्रपणे काम करता येत नाही, आणि आमचं सगळं वेळापत्रक या एका अटीभोवती फिरतं.

नियम असा: त्या कॅलेंडर महिन्यात आरबीटीने जितके तास थेरपी दिली, त्याच्या किमान ५ टक्के तास सुपरव्हिजन. महिन्यात किमान दोन भेटी, दोन्ही समोरासमोर किंवा थेट व्हिडिओवर. त्यातली निदान एक एकट्याची, आणि निदान एकीत सुपरव्हायझरने त्याला मुलासोबत काम करताना पाहिलेलं हवं. दुसरी भेट गटात चालते, पण गट १० आरबीटींपेक्षा मोठा नको. महिन्याला ९६ तास देणाऱ्याला ४ तास ४८ मिनिटं लागतात. या महिन्याचे जादा तास पुढच्या महिन्यात धरता येत नाहीत.

घोटाळा इथेच होतो. निरीक्षण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ठेवलं आणि मूल तापाने आडवं झालं, की सेशन रद्द आणि महिना निरीक्षणाविना कोरा. म्हणून आमच्याकडे निरीक्षण १० तारखेच्या आत आणि गटभेट तिसऱ्या आठवड्यात असते. शेवटचा आठवडा राखीव. २५ तारखेला रुजू झालेल्या माणसालाही त्या महिन्याच्या दोन भेटी चुकत नाहीत.

५ टक्के हा तळ आहे. केसचं सुपरव्हिजन, म्हणजे टेक्निशियनवर नव्हे तर मुलाच्या उपचारांवर देखरेख, हा वेगळा हिशेब. थेरपीच्या दर १० तासांमागे बीसीबीएचे साधारण २ तास, असं या क्षेत्रात धरतात. आठ टेक्निशियन प्रत्येकी १०० तास करत असतील तर ५ टक्क्यांनी ४० तास होतात, केसच्या हिशेबाने १६०. म्हणजे एका बीसीबीएचा अख्खा महिना, असेसमेंट आणि रिपोर्टला एक तासही न उरता. दोन्ही तास काही ठिकाणी एकमेकांवर येतात, पण कागद वेगळेच ठेवावे लागतात.

इन्शुरन्सच्या बिलिंगचंही तसंच. टेक्निशियनच्या थेरपीचा कोड ९७१५३, पंधरा मिनिटांचं एक युनिट. ९७१५५ हा बीसीबीएने उपचाराची पद्धत बदलण्याचा कोड आहे, टेक्निशियनचं काम तपासण्याचा नव्हे. नुसतं ५ टक्के भरण्यासाठी जाऊन बसलं तर ते बिल करता येत नाही. शिवाय दोन्ही कोड एकाच वेळेचे लावले तर काही इन्शुरन्स कंपन्या मानतात, काही नाही. सुपरव्हिजनचा खर्च आम्ही आमच्याच खिशातून धरून चालतो. मग कोणाला कोपऱ्यात बसून नुसतं बघायचा मोह होत नाही.

बघणं म्हणजे काय, ते एका बाटलीवरून सांगतो. मूल साबणाच्या फुग्यांकडे हात करतं, टेक्निशियन बाटली धरून थांबते, मूल ‘फु’ म्हणतं. बरोबर. पण ती आधी टॅबवर नोंद करते, मग झाकण उघडते. तेवढ्या चार सेकंदांत मूल किंचाळतं आणि फुगे मिळतात ते किंचाळण्यावर. सुपरव्हायझर बाटली स्वतःकडे घेते, झाकण आधीच सैल करते, ‘फु’ आल्याबरोबर फुंकते, नोंद नंतर करते. तीन-चार फेऱ्या दाखवून बाटली परत देते, मग तिच्याकडून करून घेते. दोघींनी वेगवेगळ्या लिहिलेल्या २० नोंदींपैकी १६ जुळल्या तर ८० टक्के. त्याखाली गेलं तर काय मोजायचं याची व्याख्याच बहुधा मोघम असते.

मराठी घरांत एक गोष्ट जास्तीची लागते. ‘दे’, ‘अजून’, ‘पाणी’ हे शब्द मुलाच्या उपचार योजनेत लिहून द्यावे लागतात. टेक्निशियनला मराठी येत नसेल तर मुलाची नीट केलेली मागणी बडबड म्हणून नोंदवली जाते. आणि आजी ‘दे’ ऐकायच्या आधीच लाडू हातात ठेवते, हेही सुपरव्हायझरने स्वतः पाहिलेलं बरं.

कागद ७ वर्षं जपायचे: थेरपीचे तास, भेटीची तारीख, वेळ, एकट्याची की गटातली, निरीक्षण झालं का, सुपरव्हायझरचं नाव. टेक्निशियन दोन केंद्रांत काम करत असेल तर दोन्हीकडे सुपरव्हायझर हवा. २०२६ पासून नूतनीकरण दरवर्षीऐवजी दोन वर्षांनी आहे. वार्षिक कौशल्यचाचणी गेली, तिच्या जागी १२ तासांचं व्यावसायिक शिक्षण आलं. सुपरव्हिजनचे ५ टक्के मात्र तसेच.

पुण्या-नाशिकहून आम्हाला आरबीटीबद्दल विचारणा येते. १ जानेवारी २०२३ पासून बोर्ड भारतातले नवे अर्ज घेत नाही. तिथल्या मंडळींना दुसऱ्या संस्थांची प्रमाणपत्रं, म्हणजे क्यूएबीएचं एबीएटी किंवा आयबीएओचं आयबीटी, पाहावी लागतील. दोन्हींत पहिला प्रश्न हाच विचारा: सुपरव्हायझर कोण, आणि महिन्याला तुमच्यासाठी किती तास?

आमच्याकडे बीसीबीएचा राजीनामा आला तर पहिलं काम तिच्या हाताखालच्या प्रत्येक आरबीटीच्या बोर्ड खात्यावर नवा सुपरव्हायझर नोंदवायचं. नोंद रिकामी राहिली की प्रमाणपत्र निष्क्रिय होतं, आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी मुलासमोर बसू शकत नाही.