तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पैसे मिळत नाहीत

लग्नात विचारता, बँकेच्या रांगेत विचारता. मागच्या महिन्यात एका मयताला गेलो, तिथे सरण पेटायच्या आधी एकाने विचारलं, "मेजर, त्या बिल्ल्याचं झालं का काही?" आणि मग ठरलेला पुढचा प्रश्न, "पण त्यातून मिळणार काय तुम्हाला?" (मी हवालदार म्हणून पेन्शनीवर आलो. आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. त्या चुकीची दुरुस्ती मी कधी मागितलेली नाही.)

तर, पैसे मिळत नाहीत. शौर्यपदकाला भत्ता असतो. ऑपरेशनच्या, म्हणजे मोहिमेत होतो म्हणून मिळणाऱ्या, पदकाला दमडी नाही. पेन्शन वाढत नाही, एसटीचं तिकीट कमी होत नाही.

माझ्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौज सोडताना मिळालेल्या नोंदींच्या पुस्तकात, कारगिल युद्धाचं 'ऑप विजय मेडल' लिहिलंय. 'ऑप विजय स्टार' लिहिलेलं नाही, आणि माझे अर्ज चाललेत ते त्या स्टारसाठी. 1999 च्या उन्हाळ्यात जो द्रास, कारगिल, बटालिकच्या पट्ट्यात स्वतः होता, त्याचा स्टार. मेडलचं वर्तुळ मोठं, त्या लढाईसाठी जी फौज हलली ती सगळी त्यात येते. माझी पलटण तेव्हा खाली मैदानात होती. मी ड्रायव्हर. मे महिन्याच्या अखेरीला मला दुसऱ्या युनिटला ॲटॅच केलं आणि मी दारूगोळा घेऊन झोजिला घाट ओलांडला. आमच्या लोकांना वाटलं, तिकडचे लोक याचं नाव नॉमिनल रोलमध्ये, म्हणजे नावांच्या यादीत, घालतील. तिकडच्यांना वाटलं, हा त्यांचा माणूस, ते घालतील. ॲटॅचमेंट सर्व्हिस रेकॉर्डवर चढवणारी पार्ट टू ऑर्डर कुणीच काढली नाही. एवढीच गोष्ट आहे. कुणी माझ्यावर डूख धरून केलेलं नाही, हे मला कळतं. तरी राग येतो.

"मग तेव्हाच का नाही बोललात?" हा तुमचा आवडता प्रश्न. माझाही आहे. 2012 साली डिस्चार्जच्या वेळी क्लार्कने पुस्तक माझ्यापुढे फिरवलं आणि म्हणाला, नीट वाचा. मी वाचलं. पदकांच्या ओळीवर बोटही ठेवलं. तो म्हणाला, दुरुस्ती टाकली तर कागद परत जातील, पेन्शन दोन-तीन महिने लांबेल. मुलीची कॉलेजची फी तोंडावर होती. मी सही केली. सही कशाखाली? 'माझ्या सर्व नोंदी मी तपासल्या, त्या बरोबर आहेत.' आज माझ्या प्रत्येक अर्जाच्या उत्तरात तीच सही माझ्यापुढे नाचवतात. त्या दिवशीच्या स्वतःला मी पुष्कळ शिव्या दिल्यात. पण फीची तारीख डोळ्यापुढे आणली की तो मला गप्प करतो.

माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून गाडीची कार डायरी, म्हणजे गाडी कधी कुठे गेली त्याची वही, मागितली. मुदत संपल्याने नष्ट. मूव्हमेंट ऑर्डरचंही तेच. मग सांगितलं, सोबत असलेल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र आणा.

सोबत असलेला माणूस एकच. माझा को-ड्रायव्हर, तिकडच्या युनिटचा, पंजाबातला. एका माजी सैनिक मेळाव्यात कुणाकडून तरी त्याचा नंबर मिळाला. तेवीस वर्षांनी फोन लावला. तो खूश झाला, "ओए, कौन सी पलटन?" म्हणून ओरडला. मी सांगायला लागलो.

ती रात्र मला पाठ आहे. द्रासवरचं तोलोलिंग शिखर अजून आपल्या हातात आलं नव्हतं, 13 जूनला आलं. तोवर वर बसलेल्याला खालचा महामार्ग तळहातासारखा दिसत होता. म्हणून दिवे बंद करून रात्रीच गाड्या काढायच्या. मटायन गावाच्या पुढे आमचा शक्तिमान ट्रक पुढच्या गाडीच्या मागे. फौजी ट्रकच्या मागच्या डिफरेन्शियलला, म्हणजे मागच्या चाकांमधल्या लोखंडी गोळ्याला, पांढरा रंग दिलेला असतो आणि त्यावर एक मिणमिणता बल्ब. माझं सगळं जग तेवढंच, तो पांढरा ठिपका. तो डावीकडे सरकला की मी डावीकडे. मागे तोफेचे गोळे, एकेक चाळीस किलोच्या वर. मध्येच समोर डोंगराच्या अंगाला गोळा पडला आणि ठिपका गेला. विझला की गाडीच गेली, कळेना. को-ड्रायव्हर खाली उतरला, पाठीवर पांढरा टॉवेल टाकला आणि माझ्या बोनेटपुढे चालायला लागला. मी त्या टॉवेलच्या मागे गाडी नेली. किती वेळ, ते सांगता येणार नाही. टॉवेलच्या एका कोपऱ्याला चहाचा डाग होता, ते सांगू शकतो.

फोनवर तो मध्येच म्हणाला, "हां हां! तौलिया! वो तो मैं था!" माझा श्वास मोकळा झाला. म्हटलं, "और स्टेअरिंग पे मैं." तो थांबला.

"नहीं यार. स्टेअरिंग पे तो एक मद्रासी था."

मी पुन्हा सांगितलं. बल्ब, डाग, पहाटे द्रासच्या अलीकडे थांबून काडेपेटीसाठी झालेलं भांडण. सगळं त्याला आठवत होतं. फक्त माझ्या जागी दुसरा बसलेला होता. काळा, सडपातळ, कमी बोलणारा मद्रासी. मी काळा आहे. तेव्हा सडपातळ होतो. आणि त्यांच्याकडे विंध्याच्या खालचा प्रत्येक जण मद्रासीच. म्हणजे तो मीच असणार. असणारच. पण त्या रात्री फोन ठेवल्यावर मी अंथरुणात बसून हिशोब घालत होतो की मी खरंच होतो का. बायकोला उठवलं नाही. उठवून विचारणार काय?

दोन दिवसांनी त्याचाच फोन. "तू टेन्शन मत ले. तारीख बता, मैं लिख देता हूँ." आणि खरंच, तहसीलमध्ये जाऊन, पदरचे पैसे घालून प्रतिज्ञापत्र करून पोस्टाने पाठवलं. त्यात लिहिलंय की अमुक नंबरचा जवान गाडी चालवत होता हे मला स्पष्ट आठवते.

त्याला आठवत नाही. हे मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे.

काही जण म्हणतात, छावणीजवळच्या दुकानात सगळी पदकं मिळतात, एक घ्या आणि 26 जानेवारीला लावा, शाळेतल्या पोरांना काय कळतंय. खरं आहे, कळणार नाही. मिळालेल्या पदकाच्या कडेवर आपला नंबर आणि नाव कोरलेलं असतं, दुकानातल्याची कड कोरी. ती कोणी बघत नाही. मी मात्र माझ्या मेडलची कड अधूनमधून अंगठ्याने चाचपतो. पूर्वी मी लोकांना सांगायचो की हे सगळं नातवासाठी चाललंय. थाप होती. नातवाला क्रिकेटमधून सवड नाही. मला कागदाने सांगायला हवंय की त्या सीटवर मी होतो, आणि त्या फोननंतर ते जास्तच हवंय. आता कागद हातात आला, तर तो खोट्या आठवणीवरच्या खऱ्या गोष्टीचा. तो अर्जाला लावावा की लावू नये? तुमच्यातले वकील लगेच म्हणतील, लावा. फौजेच्या कोर्टात, ट्रायब्युनलला, जाऊन आलेला एक दोस्तही म्हणतो, लाव, एवढा विचार करणारा तू पहिलाच.

प्रतिज्ञापत्र काळ्या पेटीत आहे, डिस्चार्ज बुकाच्या खाली. मुलगी म्हणते, द्या, मी स्कॅन करून पाठवते. मी म्हणतो, बघू. पंजाबातून दर रविवारी फोन येतो, "मिल गया क्या?"

मी सांगतो, "फाइल चल रही है."