रिकाम्या ठेवलेल्या तीन खोल्या

2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या मालिकेचं शूटिंग शहरात बंद पडलं. चॅनेलकडे एपिसोडची बँक, म्हणजे आधीच तयार असलेले एपिसोड, जेमतेम आठ दिवसांची उरली होती. निर्मात्यांचा फोन आला, "युनिट बाहेर हलवायचंय. राहायची सोय तू बघ." प्रॉडक्शनमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, शंभर माणसांची सोय दोन दिवसांत लावलेली आहे. पण तोवर सोय म्हणजे पलंग, गरम पाणी आणि वेळेवर जेवण एवढंच डोक्यात असायचं. या खेपेला माणसं जशी नेली तशी घरी पोचवायची होती.

खोल्यांची पहिली यादी आली ती नेहमीसारखीच. कलाकार आणि दिग्दर्शकाला सिंगल, डिपार्टमेंट हेडना डबल, आणि लाइट-सेटिंगची सोळा मुलं खाली हॉलमध्ये गाद्या टाकून. अशा याद्या मी स्वतः केलेल्या आहेत. त्या दिवशी मात्र ती वाचून पोटात गोळा आला. सोळा जण रात्रभर एका हॉलमध्ये, खिडक्या बंद, एसी चालू. एकाला लागण झाली की आठवड्याभरात सगळे आडवे. हॉल रद्द, ही मी पहिली अट घातली. त्यावर दोन दिवस वाद झाला. शेवटी मी विचारलं, लाइटची मुलं आजारी पडली तर कलाकार अंधारात सीन करणार का? तेव्हा कुठे विषय पुढे सरकला.

मग हॉटेल. पहिलं दाखवलं ते चकचकीत होतं. मॅनेजर फवारणीचं यंत्र, सॅनिटायझरचे स्टँड, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले रिमोट कौतुकाने दाखवत होते. मी खिडकी उघडायला गेले तर ती उघडणारी नव्हतीच, अखंड काच. सेंट्रल एसी. 2020 च्या जानेवारीत चीनमधल्या ग्वांगझूला एका रेस्टॉरंटमध्ये शेजारशेजारच्या तीन टेबलांवरच्या कुटुंबांतल्या दहा जणांना लागण झाली होती. जागेला खिडक्या नव्हत्या आणि एसीचा झोत त्या तिन्ही टेबलांवरून फिरत होता. हे वाचल्यापासून मला फवारणीपेक्षा खिडकीची काळजी जास्त. स्प्लिट एसीसुद्धा खोलीतलीच हवा गार करून परत फिरवतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, हे कितीतरी जणांना समजावून सांगावं लागलं.

दुसरं हॉटेल जुनं होतं. रंग उडालेला, पण एका विंगमध्ये प्रत्येक खोलीचं दार मोकळ्या व्हरांड्यात उघडायचं आणि समोरासमोर खिडक्या होत्या. दुसरी विंग नंतर बांधलेली, तिथे मधून बंद कॉरिडॉर. मी टिश्यू पेपरची पट्टी दाराच्या फटीशी धरून बघितली. बाथरूमचा एक्झॉस्ट लावला की पट्टी आत ओढली जायची, म्हणजे कॉरिडॉरमधली हवा खोलीत येत होती. तेव्हा हे बघून मी नुसतं वहीत टिपलं, त्याचा अर्थ पुढे कळला.

एकूण खोल्या 44. माणसं 71. म्हणून आधी माणसं कमी केली. कुणाची सेटवर रोज गरज आहे आणि कोण घरून काम करू शकेल, असं एकेका नावावर बसून 54 वर आलो. त्यातही मी तीन खोल्या बाजूला काढल्या, व्हरांड्याच्या अगदी टोकाच्या, स्वतंत्र जिना असलेल्या. कुणी पॉझिटिव्ह आलं तर ठेवायला. "महिनाभर रिकाम्या खोल्यांचं भाडं भरायचं?" हा प्रश्न मला किमान दहा वेळा ऐकावा लागला. दर वेळी उत्तर एकच दिलं, रात्री दोन वाजता खोली शोधत फिरायची वेळ माझ्यावर येऊ देऊ नका.

उरल्या 41 खोल्या, म्हणजे 26 जणांना जोडीने राहावं लागणार होतं. कोण कुणाबरोबर, यात माझे तीन दिवस गेले. कलाकार कॅमेऱ्यासमोर मास्कशिवाय, मेकअपदादा आणि हेअरवाली ताई दिवसभर लोकांच्या चेहऱ्याजवळ, म्हणून ते सगळे एकटे. जी जोडी दिवसभर एकाच लाइटवर किंवा एकाच ट्रॉलीवर काम करते तिला एक खोली, कारण ते दोघे तसेही एकच हवा घेतात. ज्यांना मधुमेह किंवा ब्लडप्रेशर आहे ते एकटे. लाइटमधले एक काका साठीला आलेले, दोन्ही आजार असलेले. त्यांना सिंगल दिली तर "आता लाइटवाल्यालाही सिंगल?" असं कुणीतरी बोललंच. काकांनी ते ऐकलं. संध्याकाळी मला म्हणाले, "ताई, मला चालेल हॉलमध्ये." मी म्हटलं, "मला नाही चालणार, काका."

हॉटेलचा स्टाफ ही सगळ्यात मोठी फट होती. आम्ही महिनाभर आत, आणि खोल्या झाडणारी, जेवण वाढणारी माणसं रोज संध्याकाळी घरी जाऊन सकाळी परत येणार! मालकांशी बोलून नऊ जणांना तिथेच राहायला लावलं, त्यांच्या घरच्यांची परवानगी घेतली आणि त्यांना ज्यादा पगार आमच्या बजेटमधून दिला.

निघायच्या आधी सगळ्यांची आरटीपीसीआर झाली. पण लागण झाल्यावर टेस्टमध्ये दिसायला काही दिवस जातात, म्हणून पोचल्यावर पाच दिवस ज्याने त्याने खोलीतच राहायचं आणि मग पुन्हा टेस्ट, असं ठरवलं. चॅनेलला हे पाच दिवस फार जड गेले. वाचनं फोनवर झाली, कपड्यांची ट्रायल व्हिडिओ कॉलवर.

पाचव्या दिवशी टेस्ट घेतल्या त्या प्रत्येकाच्या दारात. लॅबचा मुलगा कॉरिडॉरने एकेक दार वाजवत गेला. बंद विंगमधला बूममन, म्हणजे लांब काठीवरचा माइक धरणारा, पॉझिटिव्ह आला. त्याला तासाभरात टोकाच्या खोलीत हलवलं. आणि तीन दिवसांनी त्याच्या शेजारच्या खोलीतली हेअरवाली ताई पॉझिटिव्ह. दोघं एकमेकांना भेटलेसुद्धा नव्हते.

पुढे न्यूझीलंडमधल्या एका क्वारंटाइन हॉटेलचा अभ्यास वाचनात आला. तिथेही दारात स्वॅब घेतले होते. लागण झालेल्याचं दार बंद झालं आणि शेजारचं दार उघडलं, यात 50 सेकंदांचं अंतर होतं, आणि कॉरिडॉरमधल्या हवेतूनच लागण शेजारी गेली असावी, असं अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं होतं. मला माझी टिश्यूची पट्टी आठवली. आमच्याकडे नेमकं तसंच झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण पुढच्या सगळ्या टेस्ट मी अंगणात झाडाखाली घेतल्या, एका वेळी एक जण, आणि बंद विंगच्या कॉरिडॉरच्या दोन्ही टोकांची दारं रात्रंदिवस उघडी ठेवली.

ताईची ती रात्र मी विसरणार नाही. दीडला फोन आला, "ऑक्सिजन 88 दाखवतंय." तिचा आवाज थरथरत होता. मी मास्क घालून खिडकीबाहेर उभी राहिले, डॉक्टर फोनवर. त्यांनी पहिलंच विचारलं, "नेलपॉलिश आहे का?" होतं, गडद मरून. रिमूव्हर तिच्या किटमध्येच. कापूस नखावर घासताना तिची बोटं गारठलेली दिसत होती. हात चोळून गरम केले, पुन्हा मीटर लावला. 91, 94, मग 97 वर थांबला. ती पलंगावर बसून रडली आणि मी बाहेर खिडकीच्या गजांना धरून. त्या दिवसापासून चोपन्नच्या चोपन्न जणांच्या किटमध्ये मीटरबरोबर कापूस आणि रिमूव्हर गेला.

महिन्यात चार जण पॉझिटिव्ह आले. दोघं बरे होऊन टोकाच्या खोल्या रिकाम्या करतात न करतात तोच पुढचे दोघं. शूटिंग दीड दिवस थांबलं, तेवढंच. लाइटच्या काकांची प्रत्येक टेस्ट निगेटिव्ह आली.

पुढच्या शेड्युलच्या वेळी निर्मात्यांनी खोल्यांची यादी स्वतः करून पाठवली. हॉल त्यात नव्हता. सगळ्यात वर तीन खोल्यांचे नंबर होते आणि त्यांच्यापुढे नावाची जागा कोरी होती.