खिद्रापूर: छताला भोक असलेलं देऊळ

नरसोबावाडीला दोन दिवस होतो, दर्शन झालं, कृष्णेचा घाट झाला, पेढे घेऊन झाले. लिहायचंय ते खिद्रापूरच्या तासाभराबद्दल.

आत्या सोबत होती, वय ७४. तिला वाडीनंतर सरळ घरी जायचं होतं, मीच हट्ट करून रिक्षा ठरवली. दोन्ही बाजूंना ऊस, रस्ता खराब, आत्याची कंबर दुखायला लागली आणि मला मनातून फार वाईट वाटत होतं की उगाच हिला ओढत आणलं.

कोपेश्वराचं देऊळ बाहेरून तसं ठेंगणंच वाटतं. शिलाहारांच्या काळातलं, १२व्या शतकातलं. दक्षिण दाराशी यादव राजा सिंघणाचा शके ११३६ चा शिलालेख आहे. पण आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा येतो तो स्वर्गमंडप, ४८ खांब आणि मधोमध छतच नाही, गोल मोकळं आभाळ! खाली त्याच मापाची गोल शिळा. मार्गशीर्ष होता, सूर्य दक्षिणेला कललेला, त्यामुळे उन्हाची चकती शिळेवरून थोडी सरकून उत्तरेकडच्या खांबांच्या पायाशी पडली होती. खांब एकाच दगडात कुठे चौकोनी, कुठे अष्टकोनी, कुठे गोल, आणि गोल भागावरच्या कडा इतक्या बारीक की नख अडकावं. ऊन पडलेला तेवढाच काळा दगड ओला असल्यासारखा चमकत होता.

खरं सांगायचं तर मला देवळात काही होत नाही. रांगेत उभं राहायचं, मागून ढकलाढकली, समोर पोचेपर्यंत 'चला चला पुढे', आणि डोक्यात चपला राहिल्या असतील का हेच. इतकी वर्षं मला वाटायचं माझ्यातच भक्ती कमी आहे. आणि इथे कोणी काही म्हणायच्या आत मी त्या शिळेच्या कडेला खाली बसलो होतो, मान वर, आणि घसा दाटून आलेला.

आत लिंगं दोन आहेत. सती गेल्यावर कोपलेला शंकर, आणि त्याला शांत करायला आलेला विष्णू म्हणजे धोपेश्वर. समोर नंदी नाही, सतीला घेऊन तो माहेरी गेला म्हणतात, त्याचं देऊळ नदीपलीकडे येडूरला. रागाच्या देवाचं घर इतकं शांत कसं, हे मला बसल्या बसल्या सारखं वाटत राहिलं.

बाहेर पायथ्याशी देऊळ हत्तींच्या पाठीवर उभं आहे. बऱ्याच हत्तींच्या सोंडा तुटल्यात. मी एकापाशी उकिडवा बसलो तर पायाची नखं दिसली, एकेक वेगळं कोरलेलं, आणि हत्तीच्या गळ्यातल्या साखळीची कडीसुद्धा. एवढ्या खाली कोण वाकून बघणार होतं? ज्यानं ते कोरलं त्याची पूजा तिथेच झाली असणार असं मला वाटतं, अगदी मनापासून वाटतं.

तेवढ्यात एक ग्रुप आला, मोठ्यानं गाणं लावून शिळेवर व्हिडिओ, तीन वेळा तेच. मला खूप राग आला. त्रिपुरी पौर्णिमेला इथे चंद्र डोक्यावर येतो तेव्हा तर पाय ठेवायला जागा नसते म्हणे. जाणार असाल तर साध्या वारी जा, आणि फोन खिशात ठेवा, कळकळीनं सांगतोय.

ते गेल्यावर बघितलं तर आत्या खांबाला टेकून बसलेली, उन्हाची चकती तिच्या पावलांवर आलेली. देवाला काय मागितलंस विचारलं. आत्या म्हणाली, "मागायचं काय सुचंनाच बघ. बस जरा."

रिक्षावाला दोनदा हॉर्न वाजवून गेला. ऊन तिच्या पावलांवरून पुढच्या खांबावर चढेपर्यंत आम्ही उठलो नाही.