कॅम्परमध्ये डिझेल हीटर: वायरिंगचा माझा अनुभव

नागपुरात गाडीला हीटर कशाला, हे मला वाडीतल्या गॅरेजपासून घरच्या जेवणापर्यंत सगळ्यांनी विचारलं. आमच्याच शहरातून जाणारा महामार्ग ४४ उत्तरेला श्रीनगरपर्यंत जातो, तिथून लडाख पुढे. बाबांना लेह पाहायचंय, आम्हाला सवड ऑक्टोबरअखेरच मिळते, आणि तेव्हा तिथे रात्री पारा शून्याखाली उतरतो. आई-बाबा ज्या गाडीत झोपणार, तिच्यात ऊब हवी आणि ती सुरक्षित हवी. म्हणून या कामात मी कुठेही घाई केली नाही.

गाडी आमची जुनी फोर्स ट्रॅव्हलर, आधीपासून कॅम्पर, म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी, म्हणून नोंदलेली. त्यामुळे आरटीओचा मोठा भाग मागेच उरकला होता. तुमची साधी प्रवासी गाडी असेल तर आधी तिथे विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही.

हीटर २ किलोवॅटचा, १२ व्होल्टवर चालणारा. आत एक छोटा ज्वलनकक्ष असतो. त्याच्यासाठी बाहेरून हवा येते आणि धूर बाहेरच जातो. आपण श्वासात घेतो ती हवा वेगळ्या वाटेने अ‍ॅल्युमिनियमच्या गरम पट्ट्यांवरून (फिन्सवरून) फिरते. या दोन वाटा एकमेकींत मिसळता कामा नयेत. डिझेल तासाला ०.१ ते पाव लिटर जळतं, म्हणजे खर्चाची चिंता नाही. चिंता करायची ती विजेची.

सुरू होताना डिझेल पेटवणारा ग्लो प्लग तापवावा लागतो, तेव्हा ८ ते १० अँपिअर ओढले जातात. ज्योत पकडली की फक्त पंखा आणि पंप उरतात, तेव्हा एक-दोन अँपिअरवर भागतं. रात्रभर चालवला तरी शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीला ते जड नाही. खरी परीक्षा पहिल्या काही मिनिटांची. किटसोबत आलेली वायर जेमतेम दीड स्क्वेअर एमएमची होती. माझी बॅटरी मागच्या बाकाखाली, हीटर पुढच्या सीटखाली. जाऊन-येऊन आठ मीटर तांबं. १० अँपिअरला एवढ्या लांबीत दीड एमएमची वायर सुमारे ०.९ व्होल्ट खाते. थंडीत बॅटरी आधीच दबलेली, त्यात प्लगचा ओढा, वर हा घट. कंट्रोलरला व्होल्टेज कमी दिसतं आणि तो एरर देऊन थांबतो. तोही पहाटे, सगळ्यात गरज असते तेव्हा. सहा एमएमच्या वायरीत हाच घट पाव व्होल्टच्या आत राहतो.

ऑटो इलेक्ट्रिशियन दादांना मी सहा एमएम दाखवली, तर ते म्हणाले, "काहून एवढी जाड वायर लावून राहिले भाऊ? गीझर थोडीच चालवायचा आहे!" मी बारीक वायर तात्पुरती जोडून हीटर सुरू केला आणि मीटरचे टोक थेट हीटरच्या कनेक्टरवर लावून आकडा दाखवला. मग जाड वायर लावून दाखवला. दादा म्हणाले, "आता समजलं. तुमची बरोबर आहे, लावा." त्यांनीही मला एक मोलाची गोष्ट सांगितली. मी टोकांना सोल्डर करणार होतो, त्यांनी हात धरला. "सोल्डर नको. थिंबल दाबून लावू. रोडवर हादरे बसले का सोल्डर संपतो तिथंच वायर तुटते." चांगल्या क्रिम्पिंग टूलने तांब्याची थिंबल (वायरीच्या टोकावर दाबून बसवायची टोपी) आणि वर गरम केल्यावर आवळणारी हीट-श्रिंक स्लीव्ह. ओढून पाहिली, हलली नाही.

पॉझिटिव्ह वायर बॅटरीच्या टोकावरून थेट, मध्ये फक्त २० अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीपासून वीतभर अंतरात. फ्यूज हीटरसाठी नाही, वायरसाठी असतो. वायर कुठे घासून पत्र्याला लागली तर आग बॅटरी आणि फ्यूजमधल्या तुकड्यात लागते, म्हणून तो आखूड हवा. निगेटिव्हसाठीही वेगळी वायर बॅटरीपर्यंतच नेली. बॉडी अर्थ, म्हणजे निगेटिव्ह गाडीच्या पत्र्यालाच जोडणं, स्वस्त पडतो खरा, पण आमच्या पावसाळ्यात एखादा बोल्ट गंजला की सगळं बिघडतं.

आता जे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. हीटर बंद करायचा तो त्याच्या कंट्रोलरवरूनच. बटण दाबल्यावर ज्योत विझते, पण पंखा तीन ते पाच मिनिटं फिरत राहतो, आतली उष्णता बाहेर ढकलत. तेवढ्यात वीज तोडली तर तीच उष्णता मोटर आणि सर्किट बोर्डवर चढते. म्हणून मी हीटरची वायर गाडीच्या मुख्य कट-ऑफ स्विचच्या आधी घेतली. झोपताना कोणी सवयीने मुख्य स्विच बंद केला तरी पंखा थांबणार नाही. आमच्या लिथियम बॅटरीचा बीएमएसही (तिच्या आतलं संरक्षक सर्किट) एका पातळीला अचानक सगळं तोडतो. म्हणून चार्ज खाली येऊ लागला की त्या आधीच हीटर बंद करायचा, असा घरचा नियम ठरलाय. शून्याखाली लिथियम बॅटरी चार्जही करायची नसते, त्यामुळे बॅटरी केबिनच्या आतच ठेवली.

पंप टाकीजवळ बसवला, बाहेर जाणारं तोंड वर करून तिरपा, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. रबरी पट्ट्यात धरल्याने टिकटिकही कमी झाली. टाकीतली नळी तळापासून बरीच वर ठेवली. हीटर डिझेल पिऊन गाडी घाटात बंद पाडू शकत नाही.

धुराचा पाईप चेसिसखालून बाजूला काढला. टोक खिडकी-दाराच्या खाली नाही, हवा घेणाऱ्या नळीपासून दूर, आणि डिझेलच्या व विजेच्या वायरींपासून हातभर लांब. गाडीच्या फ्लोअरमधून जातो तिथल्या प्लेटभोवती उष्णता सोसणारं सिलंट. यात काटकसर करू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतो. झोपलेल्या माणसाला कळतच नाही. अलार्म उशांच्या उंचीवर लावलाय, त्याची बॅटरी हीटरच्या वायरिंगपासून स्वतंत्र.

पहिली चाचणी डिसेंबरच्या एका पहाटे अंगणात घेतली. आधी थोडा पांढरा धूर, मग स्वच्छ. क्लॅम्प मीटरवर नऊच्या आसपास सुरुवात, मग दीडच्या खाली. बाबा आत बसून होते, बराच वेळ उतरलेच नाहीत.

उंचीचा हिशोब उरतो. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३०० मीटरवर, लेह ३,५०० वर. तिथे हवेचा दाब तिसऱ्या हिश्श्याने कमी, पण पंप तेवढंच डिझेल सोडत राहिला तर काजळी धरते. आमच्या कंट्रोलरवर पंपाची गती कमी करायची सोय आहे, ती तिथे वापरणार. नागपुरातलं डिझेल टाकीत घेऊन जायचं नाही. थंडीत त्यातलं मेण घट्ट होतं. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं विंटर ग्रेड डिझेल आणलं. वर पोचेपर्यंत टाकी जवळजवळ रिकामी होईल, असा मुक्कामांचा बेत आखलाय.

तोवर हीटर पडून राहू द्यायचा नाही. महिन्यातून एकदा, अगदी मे महिन्यातही, पहाटे गाडीची सगळी दारं उघडून तो पंधरा मिनिटं पूर्ण जोरावर चालवतो. काजळी जळून जाते आणि नळीत डिझेल ताजं राहतं. शेजारचे विचारतात, एवढ्या उन्हाळ्यात हे काय करून राहिले? मग त्यांनाही गाडीखाली वाकवून पाईप दाखवतो.