कासच्या सड्यावर दीड मिलिमीटर

सप्टेंबरातलं कास म्हटलं की डोळ्यांपुढे तेरड्याचे आणि सोनकीचे ताटवे येतात. मला त्या दिवशी शोधायचं होतं ते दोन सेंटिमीटर रुंदीचं, जमिनीला टेकलेलं लालसर पानांचं चक्र. ड्रॉसेरा बर्मानी, म्हणजे दवबिंदूची एक जात. वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापक मॅडमना विद्यार्थ्यांच्या पुस्तिकेसाठी तिचा फोटो हवा होता. सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, मातीच्या पातळ थरात नायट्रोजन कमी, म्हणून हे रोप किडे पकडून ती भूक भागवतं.

पायवाटेकडेच्या उघड्या दगडावर, एकही फूल चिरडणार नाही अशी जागा बघून मी पालथा पडलो. शंभर मिमीची मॅक्रो लेन्स, फुल फ्रेम कॅमेरा. पहिले फोटो बरोबर वरून घेतले. चक्र जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे सेन्सर त्याला समांतर धरला की एफ ८ लासुद्धा (एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र लहान आणि शार्प भाग जास्त खोल) टोकापासून टोकापर्यंत सगळं रेखीव येतं. मला ते फोटो आवडले होते.

मॅडमनी स्क्रीनवर पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे, पण यात पान काय करतंय ते कुठे दिसतंय?"

एवढ्यात एका पानावर बारीकशी माशी येऊन चिकटली. या जातीच्या पानाच्या कडेचे लांब केस फार वेगाने आत वळतात, कधी काही सेकंदांत. मी डोळा व्ह्यूफाइंडरला लावेपर्यंत दोन-तीन केस माशीवर झुकलेसुद्धा होते. "माशीचे डोळे शार्प नसले तरी चालतील," मॅडम म्हणाल्या, "मला केसाचं वळण हवंय."

माझ्या दृष्टीने सगळं काम त्या वाक्याने बदललं. मॅक्रोत हात आपसूक किड्याच्या डोळ्यावर फोकस करतो. वळण दाखवायचं तर कॅमेरा बाजूने, अगदी जमिनीलगत आणायला हवा, आणि बाजूने पाहिलं की सपाटपणाचा फायदा संपतो. १:१ ला, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढीच उमटते तेव्हा, एफ ११ वर शार्प पट्टा मिळतो जेमतेम सव्वा ते दीड मिलिमीटरचा. त्यात फक्त एका पानाची कड बसते. मग तीच कड निवडायची, बाकीची पानं धूसर होऊ द्यायची.

सोबतच्या विद्यार्थ्याने विचारलं, "सर, एफ २२ लावलं तर?" पट्टा वाढतो, हे खरं. पण १:१ ला लेन्सवरचा एफ ११ हाच सेन्सरच्या हिशोबात एफ २२ च्या आसपास जातो. वर लेन्सवरच एफ २२ केलं तर विवर्तनाने, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे, बारीक तपशील विरघळतो. केसाच्या टोकापासून माशीपर्यंत ताणलेला चिकाचा धागा त्यात पहिला जातो, आणि पुस्तिकेत तो धागा दिसायलाच हवा होता.

प्रकाशाचा घोळ वेगळाच. ढग पठारावर उतरलेले. शटर १/२०० सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) २०० ठेवलं तर फोटो जवळपास फक्त फ्लॅशचा होतो आणि मागे काळंकुट्ट येतं, जणू रोप रात्री टिपलंय. मला ते खोटं वाटतं. हे रोप ओल्या सड्यावर, शेवाळात राहतं. ते मागे दिसायला हवं. म्हणून आयएसओ ८००, शटर १/१२५. मागचं हिरवं-तांबूस एखाद-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) गडद, पण ओळखू येण्याजोगं. फ्लॅश कमीत कमी शक्तीवर, म्हणजे त्याची चमक क्षणाच्या अगदी लहान तुकड्यात आटोपते आणि हाताची थरथर गोठते. कोपरांखाली वाळूची पिशवी होतीच.

आणि डिफ्युझर. चिकाचा प्रत्येक थेंब म्हणजे छोटा बहिर्गोल आरसा. उघडा फ्लॅश त्यात टोचणारा पांढरा ठिपका होऊन उमटतो. दुधी प्लॅस्टिकचा मोठा पत्रा लेन्सच्या पुढपर्यंत वाकवून धरला, तेव्हा थेंबांत मऊ उजेड पसरला आणि त्यांचा गोलावा दिसू लागला.

फोकस मॅन्युअल, रिंग १:१ वर चिकटपट्टीने पक्की केलेली. श्वास सोडत शरीर तसूभर पुढे न्यायचं आणि केसाचं वळण धारदार दिसलं की बटण दाबायचं. बरेच फोटो हुकले. एकात वळलेला केस, धागा आणि माशीचा पंख एकाच पट्ट्यात आले.

मॅडमनी तोच निवडला आणि मोजपट्टी मागितली. रिंग तशीच होती, म्हणून त्याच जागी स्टीलची पट्टी धरून तिच्या मिलिमीटरच्या रेघा टिपल्या आणि त्यावरून फोटोच्या कोपऱ्यात एक मिलिमीटरची रेघ आखून दिली.