भिंती गेल्या आणि बोलणेही गेले

इंदूरच्या विजयनगर भागातील आमच्या कार्यालयाचे नूतनीकरण झाले, तेव्हा मधली पार्टिशन काढून एकच प्रशस्त दालन करण्यात आले आणि आता सहकाऱ्यांमधला संवाद वाढेल, असे आम्हा सर्वांना मनापासून वाटले होते. घडले उलटेच. शेजारी बसलेली माणसे हेडफोन लावून एकमेकांना संदेश पाठवू लागली, कारण मोठ्याने विचारलेला एक प्रश्न वीस जणांचे लक्ष विचलित करी.

हार्वर्डचे ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांच्या २०१८ सालच्या अभ्यासातही हेच दिसते: खुली रचना स्वीकारल्यानंतर कर्मचाऱ्यांचे समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि ईमेल वाढले. अंतर वाढते तसा संवाद झपाट्याने ओसरतो, हे एमआयटीचे टॉमस ॲलन यांनी १९७०च्या दशकात दाखवले होतेच, त्यामुळे जवळ बसणे महत्त्वाचे आहे. पण जवळ असणे आणि सतत उघड्यावर असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

आमच्या जुन्या वाड्यात ओसरी गप्पांसाठी, तर माजघर निवांतपणासाठी असे, आणि दोन्हींमध्ये फक्त एक उंबरठा होता. (राजवाड्यामागच्या गल्ल्यांत वाढलेल्यांना हे सांगावे लागणार नाही.) कार्यालयातही मला तेवढेच हवे आहे. गेल्या महिन्यात आम्ही व्यवस्थापनाकडे दार लावता येईल अशा दोन लहान खोल्या आणि चहाच्या जागेजवळ एक मोठे टेबल मागितले. टेबल आले आहे, आणि दुपारी चार वाजता तिथे पुन्हा कामाच्या गोष्टी बोलल्या जाऊ लागल्या आहेत.